लांजीच्या किल्ल्याचा चौकीदार

"चूक!" म्हणून तो काठी दगडावर आपटायचा. लांजीच्या किल्ल्यावर चौकीदार होता तो. पाहुणा वकील असो की तहसीलदार, कुणी किल्ल्याबद्दल भलतंसलतं बोललं की काठी वाजलीच. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. खऱ्याखोट्याच्या वेळी त्यांना समोरच्याचा हुद्दा दिसत नाही.

नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेण्याआधी म्हणे तो पाहुण्यांच्या दहा पावलं मागं चालायचा. मागून वाट कशी दाखवायची, ते त्या शहाण्या पाहुण्यांनाच ठाऊक! दीक्षेनंतर तो पुढं चालू लागला. हाच त्याचा पहिला गुन्हा.

मी तेव्हा बालाघाटच्या मुलींच्या शाळेत नवी मास्तरीण. नातवंडांना सांगते, तुमची आजी फार हुशार होती. खोटं आहे. अंबाडा पपईएवढा, अक्कल बोराएवढी.

थंडीतली सहल होती. आधी लांजी, मग बैहरकडचं जंगल. खंदकाकाठी मी मुलींना म्हटलं, "इथं राणी गुलाबपाण्यानं न्हायची." कुठं वाचलं होतं? कुठंच नाही. तोंडाला आलं.

"चूक! हत्ती धुवाचे इथं. राणी काहून येईन बाई, हत्तीसंग न्हायाले?"

तीस मुली फिदीफिदी हसल्या. माझे कान तापले. "तू मला शिकवतोस?"

"तुमाले नाही जी. पोरीयले सांगून राह्यलो. त्यायनं खोटं काहून शिकावं?"

शाळेत परतल्यावर मी मुख्याध्यापिकेच्या कानावर घातलं. त्या मोठ्या बहनजी म्हणाल्या, "ये लोग आजकल बहुत बोलने लगे हैं. लिखकर दो."

'ये लोग' म्हणजे कोण, ते मला कळत होतं. कळत असून किल्ल्याच्या साहेबांना लिहिलं: उर्मट आहे, मुलींसमोर अपमान केला. अक्षर किती वळणदार होतं मेलीचं!

पुढच्या थंडीत चौकीवर दुसराच माणूस. काहीही विचारा, "हौ जी, हौ जी." मी मुलींना दुसऱ्या बाईंकडे सोपवून जुन्याचं घर शोधलं. अंगणात त्याची बायको तांदूळ पाखडत होती.

"नवकरी गेली त्यायची. उकव्याच्या खदानीत दगड फोडून राह्यले. कोनं तक्रार केलती, तेही नाही सांगतलं."

"मी केली होती," मी म्हटलं.

सूप थांबलं.

"मी आजच लिहिते साहेबांना. माझी चूक होती, त्यांना परत घ्या म्हणून."

लिहिलंही. तीन वेळा. माझ्या रागाचं एक पान त्या साहेबांना लगेच वाचता आलं. माफीच्या तीन पानांना पोचही नाही. आज इतक्या वर्षांनीही त्यांच्या नावानं माझे दात करकरतात, आणि त्याहून जास्त त्या पपईएवढ्या अंबाड्याच्या मास्तरणीच्या नावानं.

पण त्या दिवशी ती बाई एवढंच म्हणाली, "बाई, आता तुमी कायीच लिहू नोका."

आणि माझ्याकडं पाठ करून पाखडू लागली. वाऱ्यानं कोंडा माझ्या अंगावर उडत होता.