चोरघंटीतली पाल

ह्यांनी जपानहून ती पेटी आणली तेव्हा शेजारच्यांना वाटलं, टेपरेकॉर्डर आला. खोक्यातून निघाली पोळपाटाएवढी पांढरी पेटी आणि काडेपेटीसारखे दोन तुकडे. तुकडे पुढच्या आणि मागच्या दाराला चिकटवायचे, पेटी माजघरात खिळ्याला टांगायची. दार उघडलं की मध्ये तारबीर काही नसताना पेटी बोंब ठोकायची. सासूबाईंनी तिचं नाव ठेवलं चोरघंटी.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या वाडीत चोऱ्या झाल्या होत्या, आणि हे बोटीवर गेले की घरात आम्ही दोघीच. पहिल्या आठवड्यात चोर सोडून सगळे सापडले: मासेवाली, पोस्टमन, आणि मागच्या दाराने विहिरीवर निघालेली मी स्वतः. पण सासूबाईंना पेटीचा फार आधार वाटे. तिच्यावरचा तांबडा दिवा बघितल्याशिवाय त्या अंथरुणाला पाठ टेकत नसत.

समुद्राच्या वाऱ्यापुढे इथे लोखंड टिकत नाही, तिथे पेटीतल्या सेलच्या नाजूक पत्र्या काय टिकणार! हिरवट कीट चढे. ह्यांनी जाताना मला शिकवलं की अधूनमधून झाकण उघडायचं आणि पत्र्या खोडरबराने घासायच्या. पेटी विजेवर चाले, पण लाइट गेली तर आतला चौकोनी सेल तिला जागं ठेवी, म्हणून त्याला जपायचं. आणखीही काहीतरी सांगत होते, पण मी त्यांच्या बॅगेत आमसुलं आणि फणसपोळी कोंबत होते. एका कानाने ऐकलं, दुसऱ्याने सोडून दिलं.

दुसरी गोष्ट मात्र नीट ऐकली. या खेपेची बोट आखातात तेल भरायला जाणार होती. तिकडे लढाई चालू होती आणि तेलाच्या बोटी पेटत होत्या. आईला बोलू नकोस, म्हणाले. आईला सांगितलं, बोट जपानला जातेय. मला सांगताना मात्र जीभ अडखळली नाही. बायकोचं काळीज चिऱ्याचं असतं, असं बोटीवरच्या माणसांना वाटत असावं.

तेव्हापासून दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की मी मागच्या पडवीत छोटा ट्रान्झिस्टर कानाशी धरून बातम्या ऐके. बोटीचं नाव आलं नाही की मग भांडी घासायला उठे.

श्रावणात माजघरात पाल चुकचुकू लागली. एकदाच चुक् करायची आणि गप्प व्हायची. सासूबाई बोटाने जमिनीवर टकटक करून "कृष्ण, कृष्ण" म्हणत. दोन-तीनदा असं झालं की त्यांनी लेकाचं नाव काढावं आणि तिने चुकचुकावं. मग त्यांचं धास्तावलेलं मन काही थाऱ्यावर येईना. लेक सुखरूप येईपर्यंत मासे खाणार नाही म्हणाल्या, आणि नुसत्या पेजेवर राहू लागल्या. मी केरसुणी घेऊन कपाटामागे, देवांच्या तसबिरींमागे शोधलं, पण पालीची शेपटीही दिसली नाही.

एका दुपारी पेटीखाली बसून तांदूळ निवडत होते. चुक् झालं आणि वर बघितलं, तर तांबडा दिवा लुकलुकला. पुन्हा चुक्, पुन्हा दिवा. तेव्हा दुसऱ्या कानाने सोडून दिलेलं आठवलं: सेल संपत आला की पेटी आवाज देईल.

मला हसू आलं आणि रागही आला. बाजारात गेले तर चौकोनी सेल नव्हते, मुंबईचा माल आल्यावर मिळतील म्हणाले. तसला एकच सेल घरात होता, तो माझ्या ट्रान्झिस्टरमध्ये. सासूबाईंना खरं सांगावं असंही वाटलं, पण म्हातारीचा विश्वास पालीवर जास्त की सुनेवर, याची मला खात्री नव्हती. मी सेल काढून पेटीत घातला.

पाल गेली. सासूबाई पेजेबरोबर मेतकूट घेऊ लागल्या. आणि इकडे ट्रान्झिस्टर मुका झाल्यावर माझ्याच मनात पाल चुकचुकायला लागली. बातम्यांची वेळ झाली की हातातलं काम सुटायचं. काही दिवस कळ काढली, मग राहवेना. दुपारी सासूबाई निजल्या की स्टुलावर चढून सेल काढायचा, बातम्या ऐकायच्या आणि परत नेऊन घालायचा, असा माझाच चोरीचा धंदा सुरू झाला.

चोर शेवटी सापडतोच. मी स्टुलावर होते, सेल हातात होता, पेटी चुकचुकत होती आणि सासूबाई दारात उभ्या होत्या. मी सगळं सांगून टाकलं, की ही पाल नव्हे, सेल नसला की पेटीच असा आवाज करते. सेल रेडिओला का हवा, ते मात्र गाळलं.

"बाजारात बायका बोलतात गो," त्या म्हणाल्या. "त्याची बोट खय गेली ती मना म्हाईत हाय. तुला म्हाईत नसंल म्हनून मी गप ऱ्हायले."

मी स्टुलावरच बसले आणि रडले. त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. पेटीचं चुकचुकणं थांबलं आणि तांबडा दिवाही गेला. मग मला पडवीत नेऊन माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "लाव बातम्या."

त्यानंतर रोज दुपारी आम्ही दोघी मिळून ऐकत असू. पेटी तशीच बंद राहिली. बाजारात सेल आले तेव्हा मी एक ज्यादा घ्यावा म्हणून विचारलं, तर त्या म्हणाल्या, ऱ्हाऊ दे.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी हे मुंबईच्या गाडीतून हातखंब्याला उतरून, रिक्षा करून आले. दार नुसतंच लोटलेलं होतं. बॅग घेऊन थेट माजघरात आले आणि आधी त्यांची नजर गेली खिळ्यावर. पेटी बंद का, म्हणाले. कुणीही आत शिरलं असतं, मी एवढं ओझं जपानहून कशासाठी आणलं? इतक्या महिन्यांनी नवरा दिसला आणि पहिली चौकशी पेटीची! माझ्या ओठावर चांगलं कडक उत्तर आलं होतं.

सासूबाईंनी आधी त्यांच्या तोंडावरून, खांद्यावरून, दोन्ही हातांवरून हात फिरवला. मग फडताळावरचा ट्रान्झिस्टर घेतला, मागचं झाकण उघडून त्यातला सेल काढला आणि लेकाच्या तळहातावर ठेवला.

"तवा घरात नेन्यासारखं काय व्हतं रे?" म्हणाल्या. "आता लाव."

हे स्टुलावर चढले. तांबडा दिवा लागेपर्यंत सासूबाई खाली स्टूल धरून उभ्या होत्या, आणि मी मासे आणायला बाजाराची पिशवी शोधत होते.