सुऱ्यांची टाळी

दुकानातून सिगारच्या तंबाखूचा वास आला आणि आखातातल्या अल मुंतझा भागातल्या आमच्या सामायिक खोलीवरचा तो शुक्रवार आठवला. दवाखान्यातल्या क्यूबन डॉक्टरीणबाई वडिलांना घेऊन जेवायला आल्या होत्या. ते मूळचे सिगार वळणारे. कामगार संघटित करत करत थेट संसदेत पोचलेले कम्युनिस्ट. आम्ही मात्र कांदा चिरतानाही आपापल्या मोबाइलमध्ये.

"आमच्याकडे एक जण मोठ्याने पेपर वाचायचा, बाकीचे ऐकत सिगार वळायचे. तू वाच," ते मला म्हणाले.

मी रत्नागिरीची बातमी वाचली. त्यांनी सुरी फळीवर ठकठक वाजवली.

"ही सिगार कारखान्यातली टाळी," डॉक्टरीणबाई हसल्या.

मराठी कळत नसताना टाळी कसली, असं तेव्हा वाटलं. आज खोलीत नवी माणसं आहेत, तरी शुक्रवारी एक जण वाचतो आणि सुऱ्या वाजतात. जेवायला आलेला म्हातारा जाता जाता आमचीही मोट बांधून गेला.