बंदुकीला लावलेलं काजळ

कुवेतमध्ये असताना मी सहाशे यार्डांवर बंदूक चालवायचे, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघतात आणि मग विचारतात, "कुणावर?" कुणावरही नाही. लाकडी चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर. त्यात शौर्य काही नव्हतं. उन्हात पालथं पडायचं, श्वास अर्ध्यावर धरायचा आणि बोट हळू दाबायचं, एवढंच काम.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी तेल कंपनीच्या इस्पितळात नर्स होते आणि नवरा कंपनीच्या स्टोअर्समध्ये कारकून. खैरानकडे जाणाऱ्या वाटेवर, वस्तीपासून बरंच दूर, कंपनीतल्या लोकांनी रेंज केली होती. एका टोकाला वाळूचा उंच बांध, त्याच्यापुढे माणसाला उभं राहता येईल असा खड्डा, खड्ड्यातल्यांना आडोसा म्हणून नेमबाजांच्या बाजूला एक बुटका बांध आणि खड्ड्यातून वर ढकलायची टार्गेटं. बंदुका पहिल्या महायुद्धातल्या. माझ्या हातात यायची ती माझ्याहून वयाने मोठी होती आणि माझ्याहून कमी कुरकुर करायची. क्लबात बायका घ्यायच्या की नाही असा प्रश्न माझ्या वेळी आलाच नाही. इस्पितळाची मेट्रन स्वतः तिथे दर शुक्रवारी यायची, त्यामुळे सेक्रेटरीसाहेबांना मला नाही म्हणायची सोय नव्हती.

या बंदुकांना दुर्बीण नसते. डोळ्याजवळ एक बारीक छिद्र आणि नळीच्या टोकाला लोखंडाचा एक छोटा खुंट, त्याला माशी म्हणतात. छिद्रातून बघायचं आणि माशीचं टोक टार्गेटच्या काळ्या गोलाखाली आणून टेकवायचं. माणसाच्या डोळ्याला जवळची माशी आणि लांबचा गोल एकाच वेळी स्वच्छ दिसत नाही, दोन्हींतलं एक निवडावं लागतं. नवशिके गोल निवडतात आणि चुकतात. गोल धुरकट झाला तरी चालतो, माशीचं टोक मात्र कापल्यासारखं दिसायला हवं.

उन्हात ती माशी चमकते आणि चमकली की टोक कळत नाही. म्हणून तिला काजळी धरायची. इंग्रज लोक रॉकेलच्या चिमणीवर धरायचे. मी देवघरातला कापूर नेऊ लागले. चमच्यात एक वडी पेटवायची, तिच्या धुरात माशी फिरवायची, की मखमलीसारखा कोरडा काळा थर बसतो. चार शुक्रवारांत सगळे माझ्याकडे कापूर मागायला लागले. सर्वांत आधी मागणारे आमचे नाखवा.

नाखवा म्हणजे रत्नागिरीकडच्या खाडीवरचे एक मुसलमान गृहस्थ. कंपनीच्या जेटीवरून मोठ्या जहाजांकडे माणसं आणि सामान नेणारी लाँच ते चालवायचे. जेटीवर सगळे त्यांना नाखवा म्हणत, मी भाई म्हणायचे. ते मला इस्पितळात सिस्टर आणि बाहेर वहिनी म्हणत. त्यांची बायको, आमची भाभी, माझ्या शेजारणीसारखीच. तिच्याकडची तांदळाची भाकरी आणि माझ्याकडची आमटी यांची ये-जा रोजची. भाई क्लबातले उत्तम नेमबाज होते. "वहिनी, तुमच्या देवाचा कापूर काढा," असं म्हणत चमचा पुढे करायचे आणि दिवसाअखेर त्यांच्या गोळ्या कागदावर मुठीएवढ्या जागेत असायच्या.

त्या हिवाळ्यात त्या पसरायला लागल्या.

हे आधी मला कळलं, कारण आमच्याकडे अर्ध्या लोकांनी नेम धरायचा आणि अर्ध्यांनी खड्ड्यात राबायचं अशी पद्धत होती. गोळी आली की टार्गेट खाली ओढायचं, भोक कागदाच्या तुकड्याने बुजवायचं, गोळी कुठे लागली ते कळावं म्हणून तिथे पांढरी तबकडी लावायची आणि टार्गेट परत वर ढकलायचं. चिकटवायची खळ आमच्या घरची. नवरा मैदा शिजवून त्यात मोरचूद घालायचा, म्हणजे झुरळं लागत नाहीत. तर भाईंच्या टार्गेटवर भोकं आडवी पसरत नव्हती, उभी पसरत होती. एक वर, एक खाली. वाऱ्याने गोळी डावीउजवीकडे जाते. वरखाली जाते ती माशीचं टोक नीट न दिसल्याने.

मार्चअखेरीचा एक शुक्रवार होता. उन्हं चढली होती. मी आणि नवरा खड्ड्यात, भाई वर. पहिल्या दोन गोळ्या कागदाच्या खालच्या कडेला लागल्या. तिसरी लागलीच नाही. चौथीने समोरच्या बुटक्या बांधावरची रेती उडवली आणि ती आमच्या डोक्यावर पडली.

"नाखवा टार्गेटला मारतोय की आपल्याला?" नवरा डोकं झटकत म्हणाला.

गोळी चुकली की लाल निशाण हलवायचं असा नियम. भाईंसाठी ते आजवर कधी हललं नव्हतं. नवरा माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, "हलव. नियम तो नियम." त्याने हलवलं. मग आणखी दोनदा हलवलं.

पाळी बदलल्यावर मी वर गेले. भाई बंदूक मांडीवर घेऊन एकटेच बसले होते. मी माशीकडे पाहिलं. तिच्या टोकावर काळा चकचकीत थेंब लोंबत होता आणि त्याला वाळूचे कण चिकटले होते. बोटाने पुसून वास घेतला तर एरंडेल.

"भाई, हे काय लावलंत?"

"काजळ."

"कुणाचं?"

"भाभीचं. घरी पाडते ती."

"बंदुकीला दृष्ट लागेल म्हणून?"

ते हसले नाहीत. त्यावरून मी समजले की प्रकरण गमतीचं नाही.

तेलात खललेलं काजळ ते. दोन-चार गोळ्या उडाल्या की नळी तापते. तेल पातळ होऊन टोकावर गोळा झालं आणि माशी होती त्याहून उंच दिसायला लागली. उंच माशी गोलाखाली टेकवायची म्हणजे नळी खाली जाणार आणि गोळ्या बांधात. हा हिशेब सोपा होता. पण कापूर माझ्या पिशवीत असताना या माणसाने काजळ का लावलं, हे मला कळेना.

"कापूर पुरत नाय वहिनी," ते म्हणाले. "कितीपण काळी केली तरी मना टोक दिसत नाय. लव आल्यासारखं दिसतं. म्हटलं, जाड लावून बघू."

मग इकडेतिकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला आणि मला सिस्टर म्हणाले. एप्रिलमध्ये लाँचवाल्यांच्या डोळ्यांची वार्षिक तपासणी होती. ती इस्पितळात, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, आणि डॉक्टरांच्या हाताखाली मी. इंग्रजी न येणाऱ्यांसाठी तक्त्यावर नुसते इंग्रजी ई (E) काढलेले असत, वेगवेगळ्या बाजूंना वळवलेले, लहान होत जाणारे. पाय कुठल्या बाजूला आहेत ते बोटाने दाखवायचं.

"खालच्या ओळीतले ई कुठे तोंड करून आहेत, तेवढं सांगून ठेवा. डावा, उजवा, वर, खाली. पाठ करतो."

"नाही सांगणार."

"सिस्टर, नापास झालो तर लाँच जाते. दोराच्या गोदामात बसवतात. आमच्यातला एक बसलाय तिथे. दिवसभर समुद्राकडे पाठ करून दोर मोजतो."

"आणि तुम्हाला खरंच दिसत नसेल, आणि जहाजाच्या शिडीखाली कुणी चिरडलं, तर?"

त्यांनी बंदूक मांडीवरून खाली ठेवली. मग म्हणाले, "मग तपासणीच्या आधीच राजीनामा देतो. भाभीला सांगितलंय, सामान बांध. नापास होऊन इथून जायचा नाय."

मला राग आला. डोळा तपासल्याशिवाय सामान बांधणारा माणूस मला पेशंट म्हणूनही आवडत नाही आणि मित्र म्हणूनही नाही. मी विचारलं, "घरी कुराण वाचता ना? अक्षरं कशी दिसतात?"

"हल्ली छपाईच खराब करतात," भाई म्हणाले.

"आणि हात किती लांब धरून वाचता?"

त्यांनी हात लांब करून दाखवला. पार लांब.

मला अंदाज आला होता, पण माझ्या अंदाजावर ते राजीनाम्याचा विचार सोडणार नव्हते. त्यांना स्वतःला पटायला हवं होतं. पुढच्या शुक्रवारी मी खोक्याच्या पुठ्ठ्याचा मोठा ई कापून, काळा रंगवून नेला आणि तो घेऊन नवऱ्याला खड्ड्यात पाठवलं.

"आता मी मास्तर पण झालो का?" तो म्हणाला.

"नुसता वर धर. दर वेळी फिरव. आणि कुठे फिरवलास ते लक्षात ठेव."

तीनशे यार्डांवर मी आणि भाई उभे राहिलो. ई वर आला, खाली गेला, फिरून वर आला. भाई लगेच बोट दाखवायचे. मीही दाखवायचे. नंतर नवऱ्याशी ताळा केला तर भाईंचे सगळे बरोबर. माझे दोन चुकले होते.

"लांबचं तुम्हाला माझ्याहून चांगलं दिसतं," मी म्हटलं. "तपासणीत लांबचंच बघतात. जवळचं चाळिशीनंतर सगळ्यांचं पुसट होतं. त्याला चाळिशी लावतात, राजीनामा नाही देत."

"चश्मा लावून लाँचवर उभा राहू?"

"घरी लावा. वाचताना. लाँचवर कुणी सांगितलंय?"

त्यांना अर्धंमुर्धं पटलं. "पण मग माशी?" ते म्हणाले. डोळा खरा की खोटा ते माशी ठरवणार, असं त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी संघाची निवड होती. दरवर्षी दुसऱ्या एका क्लबाशी सामना व्हायचा, चौघांचा. तिघं ठरलेले होते. चौथ्या जागेसाठी आम्ही दोघं होतो, भाई आणि मी. ती जागा मला हवी होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

तरी इस्पितळात बसल्याबसल्या मला उपाय सुचला आणि सुचल्यावर गप्प बसणं मला जमत नाही. डोळ्यांच्या खोलीत आमच्याकडे एक काळी चकती होती, मधोमध टाचणीएवढं भोक असलेली. पुसट दिसणाऱ्या माणसाने त्यातून पाहिलं की अक्षरं एकदम सुधारतात. बंदुकीला काही जोडायला क्लबात बंदी होती, पण धुळीसाठी साध्या काचेचे गॉगल तर सगळेच घालत. एक्स-रेच्या फिल्म्स ज्या काळ्या कागदात येतात त्यातला तुकडा घेतला, तापवलेल्या टाचणीने भोक पाडलं आणि भाईंच्या गॉगलच्या उजव्या काचेवर चिकटपट्टीने लावला. जागा बरोबर येईपर्यंत भाभीच्या स्वयंपाकघरात त्यांना जमिनीवर पालथं पाडून ठेवलं होतं. बंदुकीऐवजी हातात लाटणं.

"असाच राहू दे दोन दिवस," भाभी म्हणाली. "पायात तरी येणार नाय."

मी सेक्रेटरीसाहेबांना गॉगल आधी दाखवून घेतला. त्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं आणि डोळ्यावर काय घालावं याबद्दल त्यात काही नाही, असं सांगितलं.

निवडीच्या दिवशी मी आधी नेम धरला. चांगला पडला. मग खड्ड्यात उतरले, आणि पाळी अशी लागली की भाईंचं टार्गेट माझ्याच वाट्याला. पहिली गोळी काळ्या गोलात. दुसरी तिच्या शेजारी. मी भोक बुजवत होते, तबकडी लावत होते, वर ढकलत होते. खळीने बोटं चिकट झाली होती. भोकं वरखाली पळत नव्हती, एकमेकांना धरून बसली होती. मध्यावर मला कळून चुकलं की आता माझी जागा गेली. शेवटची गोळी आली तेव्हा नवऱ्याने टार्गेट खाली ओढलं, बघितलं आणि म्हणाला, "तुझ्याच टाचणीने तुला काढलं."

"तबकडी दे इकडे," मी म्हटलं.

मी वर गेले तेव्हा भाईंनी गॉगल काढून हातात धरला होता. उजव्या डोळ्याभोवती गॉगलच्या कडेचं वर्तुळ उठलं होतं. ते म्हणाले, "वहिनी, टोक दिसलं. कापल्यासारखं दिसलं."

"बघितलं मी. आता राजीनामा फाडा."

"लिहिलाच नव्हता. लिहायला जवळचं दिसायला नको?"

मला चौथी जागा गेल्याचं दोन दिवस वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी इस्पितळात गोवराची मुलं आली आणि मी ते विसरले. सामन्याला मी राखीव म्हणून गेले आणि खड्ड्यातच राबले.

एप्रिलमध्ये भाई तपासणीला आले. डॉक्टरांना मी आधीच सांगितलं होतं की हे गृहस्थ माझ्या घरोब्यातले आहेत, तेव्हा तुमच्या हाताने तक्ता लावा. त्यांनी तो उलटा टांगला, म्हणजे पाठांतराचा उपयोग राहत नाही. भाई खालच्या ओळीपर्यंत न अडखळता गेले. मग डॉक्टरांनी जवळचं वाचायचं कार्ड हातात दिलं. भाईंनी हात लांब केला, आणखी लांब केला, मग माझ्याकडे बघितलं. डॉक्टर हसले, चाळिशीचा नंबर लिहून दिला आणि लाँचच्या कागदावर सही केली.

तो चष्मा भाभीने बिस्किटाच्या डब्यात ठेवला आणि तो घराबाहेर कधी निघाला नाही.

त्या उन्हाळ्यात एका जहाजावरच्या खलाशाला ताप होता आणि मला भाईंच्या लाँचमधून जावं लागलं. जेटीवरच्या माणसाने भाईंच्या हातात चिठ्ठी दिली, कुठल्या जहाजाकडे जायचं त्याची. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही, सरळ माझ्याकडे दिली.

"जवळचं तुमच्याकडे, वहिनी."

मी नाव वाचायला तोंड उघडलं. तोवर त्यांनी लाँच वळवली होती. लांबवर, मला नुसता ठिपका दिसत होता त्या जहाजावर, आजारी माणूस असल्याचं पिवळं निशाण त्यांनी आधीच बघितलं होतं.