भामरे भाऊंच्या गाडीचा हूक

आमची आणि भामरे भाऊंची भिंत एकच. त्यांच्याकडे मिरची तळली की ठसका आम्हाला! त्यामुळे त्यांच्या घरचे किस्से मला गोळा करावे लागत नाहीत, उन्हात टाकलेल्या गव्हावर चिमण्या याव्या तसे ते आपणहून येतात. त्यातही भाऊंच्या गाडीच्या हुकाचे किस्से म्हणजे वेगळा डबाच करावा लागला!

*

सुरुवात एस.टी.च्या टपावरून झाली. भाऊंची सुनू शर्यतीत सायकल चालवायची. येवल्याच्या शर्यतीला सायकल टपावर टाकून नेली, तर वर कांद्याच्या गोण्या! खाली उतरवली तेव्हा पुढच्या चाकाचा पार पापड झालेला. सुनू स्टॅंडवर बसून मुसमुसतेय आणि कंडक्टर समजूत काढतोय, "जाऊ दे ताई, कांद्यानं आजवर कुनाला सोडलंय?"

घरी आल्यावर भाऊ मला म्हणाले, "ताई, बक्षीस नको न काही नको. पोर शर्यत पुरी करताना एकदा या डोळ्यांनी बघायचीय. बस!"

*

मग भाऊंनी जुनी पांढरी गाडी घेतली. कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्यांनी फोटो पाहिला होता. गाडीच्या मागं हूक, हुकावर स्टॅंड, स्टॅंडवर सायकली. असला हूक आपल्याकडे कोण करणार? इथं नाशिकातच अंबडला बाबू मिस्त्री होते, मूळचे निफाडकडचे. उभा जन्म उसाच्या ट्रॉल्यांचे हूक बनवण्यात गेलेला.

"ओढायचं काय?" मिस्त्रींनी विचारलं.

"ओढायचं काही नाही. दोन सायकली टांगायच्यात, एक पोरीची, एक माझी."

मिस्त्रींनी गाडीला एक चक्कर मारली. "दोन सायकली व्हय? बरं. मंग ऊस कधी?"

भाऊंनी लाख समजावलं, पण मिस्त्रींनी लावला तो ट्रॅक्टरचाच हूक! जाडजूड पट्टी, मनगटाएवढी पिन. गाडी मागं बसली न बॉनेट आभाळाकडे. मिस्त्री हुकावर चढून उड्या मारत म्हणाले, "गाडी मोडंल, ह्यो नाय मोडायचा!"

*

कॉलनीत असला हूक कुणी बघितलाच नव्हता. त्यामुळे तो सगळ्यांच्या उपयोगी पडायला लागला. दूधवाला त्याला सायकल टेकवायचा. भाऊंची बायको मंगल तर एक टोक खिडकीच्या गजाला, एक टोक हुकाला बांधून दोरीवर कपडे वाळत घालायची.

एके सकाळी भाऊ घाईत ऑफिसला निघाले. गजाची गाठ सुटली आणि मागं दोन साड्या, एक परकर आणि भाऊंचाच लेंगा अशी वरात निघाली! मी खिडकीतून बोंब मारतेय, पण भाऊंच्या काचा बंद. शेवटी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं हात दाखवून गाडी थांबवली. म्हणाला, "भाऊ, इस्त्रीला आणलेत होय? पण आधी धुऊन तरी आणायचे!"

*

पहिल्यांदा सायकली लावून निघाले ते गंगापूर धरणाकडच्या शर्यतीला. अर्ध्या वाटेत एक स्कूटरवाला हॉर्न वाजवत मागं लागला. "ओ काका! मागं सायकल अडकलीय! सायकलवाला कुठं पडला बघा आधी!"

झालं! दहा माणसं जमली, हवालदार आला. दोघं तर गाडीखाली वाकून माणूस शोधायला लागले. सुनूनं शांतपणे आपली सायकल काढली, "पप्पा, मी होते पुढे," म्हणाली आणि गेली.

इकडे भाऊ हात जोडून, "साहेब, कुणाला उडवलं नाही. सायकल माझीच आहे हो!"

हवालदार म्हणाला, "सायकल तुमची, मग तुम्ही गाडीत कसे?"

त्याला पटेपर्यंत शर्यत संपली होती. भाऊंची ही दुसरी हुकली.

*

आणि मग निफाडची शर्यत. सुनूला सुरुवातीच्या ठिकाणी सोडायचं आणि आपण पुढं जाऊन निफाडला शेवटच्या पट्ट्यापाशी उभं राहायचं, असा बेत. गाडीत भाऊ, मंगल आणि मी. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण डब्यात दशम्या माझ्या होत्या!

निफाड थोडं राहिलं आणि गाडी धापा टाकत बंद पडली. काही केल्या सुरू होईना. मागून शर्यत निघालेली. भाऊ स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसले. "ताई, आजही नाही."

तेवढ्यात एक ट्रॅक्टरवाला थांबला. हूक बघून खूश! "लय भारी हूक हाय राव! ओढतो की." पुढं बांधावं, तर पुढचा बंपर तारेनं बांधलेला. तो म्हणाला, "हूक मागं हाय न? मंग मागूनच चला."

स्टॅंड काढून माझ्या मांडीवर दिला. हुकात साखळी अशी बसली, जणू माहेरी आली! ट्रॅक्टर निघाला आणि आम्ही उलटे निफाडला निघालो. पाठ निफाडकडे, तोंड नाशिककडे.

वळणावर लांब काहीतरी हललं. एक टोपी. मग दुसरी. भाऊ आनंदात आले की सरळ अहिराणीवर जातात. काचेवर हात आपटत ओरडले, "उनी! मन्ही पोर उनी!" आली, त्यांची पोर आली!

सुनू सगळ्यांच्या पुढं. काचेतून आम्हाला तिचे घट्ट मिटलेले ओठ दिसत होते, कपाळावरचा घाम दिसत होता. तिनं मान वर केली आणि उलट्या चाललेल्या गाडीत तिला बाप दिसला. हसली न दात-ओठ खाऊन पायडल मारायला लागली. बराच वेळ ती आणि भाऊ समोरासमोर! मग बाजूनं सर्रकन पुढे निघून गेली.

आम्ही पोचलो तेव्हा गळ्यात पदक घालून उभी होती. म्हणाली, "पप्पा, शेवटी दोघी पुढं गेल्या. तिसरी आले."

भाऊ डोळे पुसत म्हणाले, "तुला काय दिसणार गं! समोरून मी बघत होतो, पहिली तूच होतीस!"