नळीतलं मळसूत्र आणि दुसरा बिबट्या

कापूरहोळच्या नाक्यावर पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं माझं दुकान. स्क्रू दातांत धरून काम करायची सवय इतकी जुनी, की माझ्या दातांना ऑइलपाणी करावं लागतं, असं बायको सांगत सुटते.

परवा उत्रोलीच्या लग्नाला निघताना तिची कानातली कुडी घट्ट बसेना. मी मळसूत्र काढलं, सवयीनं दातांत धरलं आणि त्याच तोंडानं, पालीच्या वाटेवर मला दोन बिबटे आडवे आले ती गोष्ट सुरू केली. दुसरा बिबट्या यायच्या आत मळसूत्र आत गेलं. खोकलो असा, की राजगडाचे चिरे हलले असतील.

पुण्याच्या दवाखान्यात स्कॅन झाला. त्यावरून कॉम्प्युटरनं माझी अख्खी श्वासनळी उभी केली. डॉक्टरीणबाई डोळ्यांवर भलामोठा व्हीआरचा चष्मा चढवून, हवेत हात हलवत, तिच्यात फिरून आल्या.

"काका, उजव्या फाट्याला अडकलंय. आज चष्म्यात तालीम करते, उद्या तोंडातून दुर्बीण घालून काढते. पण तोवर बोलायचं नाही, हसायचं नाही. खाली सरकलं तर छाती उघडावी लागेल."

बायकोनंही हट्टानं चष्मा लावला. "अगं बाई, कात्रजचा बोगदाच! मला वाटलं, आत नुसत्या थापाच भरल्यात."

मी गप्प बसलोय ही बातमी ऐकून निम्मा भोर-वेल्हा बघायला लोटला. सगळ्यांत पुढं पालीचा मेव्हणा.

"दाजी, त्यो बिबट्या न्हाईच. आमच्या आळीतलं मांजर व्हतं. व्हय ना? आन् दाजी असं पळालं, की चप्पल अजून तितंच हाय!"

वॉर्ड हसला. माझ्या घशाशी उत्तर आलं, खोकलाही आला. बायकोनं झटकन तळहात माझ्या तोंडावर दाबला. तिचा एक कान कुडीविना मोकळाच.

"गप ऱ्हावा," ती कानाशी म्हणाली. "तुमी न्हाई तर थापा कोण मारंल?"

मी खाटेचा गज असा आवळला, की तो अजून वाकडा आहे.

दुसऱ्या दिवशी गुंगी उतरली तेव्हा बायकोच्या तळहातावर मळसूत्र चमकत होतं. तिचे डोळे भरलेले. मेव्हणाही पायाशी, चेहरा पाडून. मी घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य बोललो.

"बिबटे दोन होते. आणि दुसऱ्यानं चष्मा लावला होता."

बायकोनं डोळे पुसले, मळसूत्र डॉक्टरीणबाईंपुढं केलं.

"डॉक्टर, हे परत आत टाकता का हो?"