चन्नाक्काचा खुंटा

चन्नाक्काला कुणी नुसतं "असं चालत नाही" म्हणायचा अवकाश, ती कमरेवर हात ठेवून विचारायची, "कुनाला चालत न्हाय? नाव सांग की त्याचं." समोरच्याला नाव काही सांगता यायचं नाही. तो आपला "लोकांना", "रीतीला" असलं काहीतरी पुटपुटायचा. मग अक्का म्हणायची, "लोक म्हंजे कोन? दार दाव त्याचं. मी जाऊन इचारते."

मी हे पहिल्यांदा ऐकलं ते माझ्याच बाबतीत. वळसंगच्याही पुढे, जिथं निम्मं गाव कानडी बोलतं अशा एका खेड्यात मला शाळेवर नेमणूक मिळाली होती. मी सोलापूरच्या भवानी पेठेत वाढलेली. ट्रंक घेऊन एस.टी.तून उतरले खरी, पण मला खोली कुणी देईना. गावच्या पंचांतले मल्लाप्पा चावडीसमोर बसून मला शांतपणे समजावत होते, की तरण्या एकट्या बाईला घरात ठेवणं गावात चालत नाही. तेवढ्यात डोक्यावर कडब्याची पेंढी घेतलेली एक उंच बाई तिथं थांबली. मल्लाप्पा तिचे थोरले दीर. तिनं पेंढी खाली टाकली, दिरासमोर रीतीप्रमाणे पदर डोक्यावर ओढला आणि मग तो बेअदबीचा प्रश्न विचारला. उत्तराची वाट न पाहता माझी ट्रंक उचलून म्हणाली, "चल तंगी." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. गावातली माझी सगळी वर्षं मी तिच्याच घरात काढली.

आमचं फार गोड होतं असं मात्र कुणी समजू नये. भांडायचो आम्ही! ती कोंबडं आरवायच्या आत भांडी आपटायला लागायची, आणि मी चिडले की म्हणायची, "पोरास्नी शिकवतीस, आन सूर्याला सुट्टी देतीस व्हय?" तिला मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन बरेच दिवस झाले होते. घरात ती, मी आणि गोठ्यात बसवा. बसवा म्हणजे तिच्याच गाईच्या पोटचा पांढराशुभ्र खिलार बैल. त्याच्याशी ती जितकं बोलायची, तितकं माझ्याशीही बोलली नाही. मला त्या बैलाचा चक्क राग यायचा.

या बसवावर घराण्याचा मान होता. चैत्रात गावाबाहेरच्या माळावर बसवण्णाची जत्रा भरायची. किती जुनी म्हणून विचारलं, की म्हातारे "आज्ज्याच्या आज्ज्यापासनं" एवढंच सांगायचे. गावोगावचे बैल यायचे. कासरे, घुंगरमाळा, कुळव, तिफणी यांची दुकानं लागायची. अलीकडे शेतकी खातंही तंबू ठोकून हायब्रीड ज्वारीची कणसं मांडायला लागलं होतं. अक्कानं तिथल्या साहेबाला विचारलं होतं, "दिसाय झ्याक हाय. पन तुमी सोता भाकरी खाल्ली का हिची?"

माळाच्या वरच्या अंगाला बाभळीचा जाडजूड मानाचा खुंटा होता. पहिल्या सकाळी त्याला अक्काच्या घरचा, घरच्याच गाईचा बैल बांधायचा, कपाळाला कुंकू लावायचं, आणि मगच बाकीच्यांनी आपली जनावरं बांधायची. अक्काचा नवरा गेल्यावर मान आपल्याकडे येणार असं मल्लाप्पांनी धरूनच ठेवलं होतं. पण त्यांच्या गोठ्यात घरचा बैल नव्हता. अक्कानं बसवाला धरून माळावर नेलं आणि खुंट्याला बांधलं. बाईमाणसानं असं करणं चालत नाही म्हणणाऱ्यांना काय उत्तर मिळालं, ते सांगायला नको.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी कोरड्या पडल्या, बायाबापड्या खडी फोडायला गेल्या, जनावरं तलावाजवळच्या सरकारी छावणीत गेली. छावणीतून जनावर बाहेर काढलं की नाव कमी, पुन्हा आत घ्यायचे नाहीत. चैत्र जवळ आला तेव्हा पंचांनी चावडीवर सांगून टाकलं, "यंदा जत्रा न्हाय."

ते ऐकून अक्का जेवली नाही. शेजारच्या गावची जत्रा तिच्या लहानपणी अशीच एक वर्ष राहिली होती. व्यापारी दुसरीकडे गेले ते परत आलेच नाहीत. तिथल्या माळावर आता कुसळं उगवत होती. "एक साल मोडली की मेली," ती म्हणाली. "माज्या हयातीत न्हाय मरू द्यायची." दुसऱ्या दिवशी पहार घेऊन ती माळावर निघाली. मी शाळेला सुट्टी टाकून तिच्या मागं, उगीचच छत्री घेऊन.

खुंट्याभोवती ती उकरायला लागली तशी माणसं जमली. मल्लाप्पा धावत आले. "चन्नव्वा, डोकं फिरलं काय? ह्यो खुंटा वाडवडलांपासनं हाललेला न्हाय!"

"भावजी, पलेगात गाव रानात झोपड्या घालून ऱ्हायलं, तवा जत्रा कुटं भरली?"

उत्तर तिनंच दिलं.

"झोपड्यांपाशी भरली. खुंटा तितं न्हेला. तुमच्याच आईनं सांगिटलंय मला. आता जनावरं छावनीत, मानसं तितंच. मग हितं खुंटा काय वाऱ्याला बांदायचा?"

मल्लाप्पांनी आवाज चढवला. "उपटलास तर तुज्या घरचा मान गेला. समद्यांच्या देखत सांगतोय."

अक्कानं घाम पुसला. मला वाटलं, थांबेल. त्या मानासाठी ती नवरा गेल्यापासून सगळ्या भावकीशी भांडली होती, ते मी रोज बघत होते. ती म्हणाली, "मान ऱ्हायला आन जत्रा मेली, तर त्यो मान काय चुलीत घालू?" आणि पुन्हा पहार मारली. माती अशी आवळली होती की दुपारपर्यंत खुंटा हलेना. शेवटी मीही छत्री फेकून हात लावला.

खुंटा खांद्यावर घेऊन ती एस.टी.च्या थांब्यावर आली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, असला ओंडका गाडीत चालत नाही." अक्कानं विचारलंच, "कुनाला चालत न्हाय? नाव सांग की." तो पठ्ठ्या छाती काढून म्हणाला, "मला! माझं नाव लिहून घ्या." अक्का बघतच राहिली, मग खो खो हसायला लागली. "ह्यो पैला मर्द भेटला, तंगी. नाव सांगिटलं त्यानं." आणि त्याच्या शब्दाला मान देऊन मुकाट्यानं रस्त्याला लागली. माझे पाय सोलून निघाले. मनात मी त्या कंडक्टरला किती शिव्या घातल्या म्हणून सांगू!

छावणीत तिथले साहेब आडवे आले. इथं खरेदी-विक्रीला बंदी आहे म्हणाले. "इकनार कोन आन घेनार कोन, साह्यब?" अक्का म्हणाली. "नुसतं बगायचं एकमेकाला." तिनं दावणीशेजारी खुंटा ठोकला आणि बसवाला बांधलं. त्याच्या बरगड्या दिसत होत्या. ती कुंकू लावत असताना कुणीतरी हलगी काढली. मग एकेक जण आपलं जनावर सोडून तिथं आणायला लागला. खडीवरच्या बायका पदरात कामावर मिळालेली सुकडी घेऊन आल्या, तोच प्रसाद. दरवर्षी पहिल्या नंबरच्या बैलजोडीला फेटा मिळायचा. अक्कानं नवऱ्याचा जपून ठेवलेला फेटा काढला आणि टराटरा फाडला. "आगं, पैला नंबर कुनाचा?" म्हणून एकानं ओरडून विचारलं. "जे उबं हाय त्येचा!" ती म्हणाली, आणि चिंध्या पुरल्या तोवर शिंगांना बांधत गेली. साहेब पाठ फिरवून उभे होते. मी मात्र ढसाढसा रडले, आणि मला त्याची आजही लाज वाटत नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, जत्रा माळावर परतली. पंचांनी वरच्या अंगाला नवा खुंटा रोवला आणि मान मल्लाप्पांना दिला. त्यांचा बैल सांगोल्याच्या बाजारातून विकत आणलेला. घरच्याच गाईचा बैल लागतो ही रीत मोडायला पंचांना एक बैठक पुरली, बाईला मात्र जुना खुंटा हलवायला मान घालवावा लागला! मी तावातावानं हे बोलले तर अक्का म्हणाली, "जत्रा भरली न्हवं? मग गप ऱ्हा." तिला जागा दिली ती पार खाली, रस्त्याच्या कडेला. तिनं छावणीतून परत आणलेला जुना खुंटा तिथं ठोकला, आणि दरवर्षी जत्रा संपली की तो उपटून गोठ्यात आणून ठेवायची. रस्त्यावरून येणारी जनावरं आधी तिच्यापाशीच पोहोचत. छावणीत असलेली माणसं बसवाला नमस्कार करायची आणि त्याच्याच शेजारी बैल बांधायची. वरच्या अंगाला मल्लाप्पा हातात कुंकवाचा करंडा घेऊन वाट बघत असायचे.

माझी बदली सोलापूरला झाली. काही वर्षांनी अक्का काविळीनं आजारी पडून माझ्याकडेच आली. शहरातल्या दवाखान्यातही डॉक्टर "चालत नाही" म्हणाले की ती "कुनाला?" म्हणून नाव विचारायची. एकदा हात धरून म्हणाली, "जत्रंला जाशील न्हवं?"

"मी काय बांधू तिथं? माझ्याकडे कुठला बैल?"

"खुंटा हाय की. बैल येतंय मागनं."

पौषात ती गेली. तिला गावी नेलं, माती द्यायला सगळं गाव लोटलं होतं. शेतीवाडी आणि गोठा दिराकडे गेला, म्हणजे बसवाही गेला.

चैत्रात मी माळावर पोहोचले, तर बसवा वरच्या खुंट्याला बांधलेला. अखेर घरचा बैल मानाच्या जागी होता, आणि मल्लाप्पा, आता वाकलेले, त्याच्याजवळ उभे होते. खाली रस्त्याकडेला बैल दाटीनं बांधले होते, फक्त मधली एक जागा रिकामी होती. तिथं कुणी पाय ठेवला नव्हता. अक्काच्या गोठ्यात पडून असलेला तिचा खुंटा मी बरोबर घेऊन आले होते. मी तो त्या जागी उभा केला, तेवढ्यात पंचांतला एक तरणा धावत आला. "बाई, हे चालत नाही. तुम्ही त्या घराण्याच्या नव्हे."

माझ्या कमरेवर हात कधी गेला ते मलाच कळलं नाही. "कुणाला चालत नाही? नाव सांगा की त्याचं."

आणि काय सांगू, त्यानं खरंच नाव सांगितलं! "मल्लाप्पाअण्णांना."

सगळे वळून वर बघायला लागले. म्हातारा सावकाश चालत खाली आला. खुंट्याकडे बघत राहिला. मग त्या पोराला म्हणाला, "माजं नाव घिऊ नगंस. मला चालतंय." आणि तसाच वर जाऊन त्यानं बसवाचं दावं सोडलं, मानाचा खुंटा मोकळा टाकला आणि सगळ्या माळाच्या देखत बैल खाली आणून माझ्याजवळ उभा केला.

"ठोक, बाई," तो म्हणाला. "बैल खोळंबलाय."

मी मोगरी उचलली. पहिला घाव चुकून मातीत बसला. अक्का असती तर खो खो हसली असती. दुसरा नीट बसला.