शांताबाईंच्या मांडीवरचे ठिपके

"मॅडम, राठोडबाईंची कातडी जळली आहे. त्यांना मशीनवर घेऊ नका!" आमचे कॅन्सरचे डॉक्टर, म्हणजे सर, दारातूनच ओरडले.

मी हातातला चहा टेबलावर ठेवला. मी मेडिकल फिजिसिस्ट. कॅन्सरच्या पेशंटला रेडिएशन द्यायचं ठरलं, की किरण कुठून सोडायचे, किती सोडायचे, कुठे अडवायचे, हा सगळा हिशेब माझा. त्यामुळे कातडी जळली म्हटलं की पहिलं बोट माझ्याकडेच.

कापसावर बोंडअळीने कहर केला होता, त्या वर्षातली ही गोष्ट. आमच्या यवतमाळच्या हॉस्पिटलात खालचे वॉर्ड फवारणीत विषबाधा झालेल्यांनी भरले होते. कोणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यात आमच्याकडे एका कंपनीच्या नव्या औषधाची ट्रायल चाललेली.

शांताबाई राठोड त्या ट्रायलमध्ये होत्या. फुलसावंगीजवळच्या तांड्यावरच्या. कापूस वेचायला जायच्या. मांडीत गाठ झालेली, साध्या रेडिएशनला सहसा दाद न देणारी. ती आक्रसली तर ऑपरेशन करून तेवढीच काढता येणार होती. नाही तर पायच कापावा लागणार होता.

औषध म्हणजे धातूचे अतिसूक्ष्म कण, नॅनोपार्टिकल्स. सुईने थेट गाठीत सोडायचे. किरण त्यांच्यावर आदळले की त्यांतून इलेक्ट्रॉन उडतात आणि शेजारच्या पेशी मारतात. तापल्या तेलात मोहरी तडतडते ना, तसं. किरण तेवढेच, पण गाठीच्या आत मारा जास्त.

माझी अडचण वेगळी होती. सीटी स्कॅनमध्ये हे कण पांढरेशुभ्र दिसतात आणि कॉम्प्युटर त्यांना हाड समजतो. म्हणून तो भाग मी हाताने दुरुस्त केला होता. तिथेच चूक झाली असेल तर? 

"कॅल्क्युलेशन चुकलं असेल तर आत्ताच सांगा," सर म्हणाले. मुंबईहून नुकतेच आले होते. माणूस चांगला, पण घाईचा.

"चुकलं असेल तर सांगीन की सर! आधी बघू तर द्या."

तेवढ्यात कंपनीचा फोन. कण गाठीतून कातडीपर्यंत पाझरले असावेत, रेडिएशन थांबवा, पेशंटला ट्रायलमधून काढा. बोलायला काय जातं! रेडिएशन मध्येच थांबलं की उरलेल्या पेशी पुन्हा डोकं वर काढतात. इथे खाडा म्हणजे पाय गेलाच समजा.

मी प्लॅन पुन्हा तपासला. बरोबर. मशीनचा डोस मोजला. तोही बरोबर. तरी चैन पडेना. इकडून तिकडे येरझारा घालत होते. शेवटी म्हटलं, कागद कायले बघत बसली तू, पेशंट बघ.

शांताबाई कॉटवर पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. नवरा देविदासभाऊ शेजारी उभा. सरही माझ्या मागोमाग आले. मी पडदा ओढला आणि मांडी पाहिली. फोड होते, लालीही होती. पण किरणांचा डाग आम्ही आखलेल्या चौकटीत उठतो, आणि इतक्या लवकर, पहिल्याच आठवड्यात, तर उठतच नाही. इथे ठिपके होते. ओळीने दिलेले, मधोमध काळे. वऱ्हाडात वाढलेल्या माणसाला हे ओळखायला डिग्री लागत नाही. बिबा उतला होता. बिब्याचं तेल कातडी जाळतं, तरी आपल्याकडे दुखण्यावर ते लावतातच.

"मावशी, बिबा कायले लावला?"

"नाई लावला बाई."

"खरं सांगा. मी रागावत नाही."

"रागावूनच त राह्यल्या न तुमी!"

खरंच माझा आवाज चढला होता. मग देविदासभाऊच बोलला, "मीनं लावला मॅडम. सरांनीच त सांगतलं, गाठीत औषध सोडलं, आता किरणानं गरमी वाढली का गाठ मरते. मी म्हनलं, आतून तुमची गरमी, बाहेरून आपली. दोन्हीकून धरलं त लवकर मरन. तिचा पाय नाई गेला पायजे मॅडम, बस."

मी सरांकडे पाहिलं. गरमी हा शब्द त्यांचाच. सोपं करून सांगायचं म्हणून वापरलेला.  ते देविदासभाऊच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता बाहेरून काही लावू नका. आत आम्ही बघतो."

कंपनीला कळवलं. कातडी जरा निवल्यावर रेडिएशन पुन्हा सुरू करायला त्यांची हरकत नव्हती. खाड्याची भरपाई म्हणून पुढचे डोस कसे द्यायचे, ते मी नव्याने बसवलं. पण दुसरं काही औषध लावायचं नाही हा ट्रायलचा नियम बिब्यामुळे मोडला, सबब ट्रायलच्या निकालात हा पेशंट धरायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. मी भांडले. काही उपयोग झाला नाही.

गाठ आक्रसली. ऑपरेशनमध्ये गाठ तेवढी निघाली. तपासणीला शांताबाई चालत आल्या, थोड्या लंगडत. कणांनी काम केलं की नुसत्या किरणांनी, हे एका पेशंटवरून सांगता येत नाही.

तेव्हापासून पेशंटला समजावून झालं की मी त्याला विचारते, "आता तुम्ही मले सांगा, काय समजलं?" यात वेळ जातो आणि सर अजूनही घड्याळ बघतात. ट्रायलचा निकाल पुढे आला, तो मी वाचला. किती जणांचे पाय वाचले, याचा आकडा त्यात आहे. शांताबाईंचा पाय त्यात नाही.